पडद्यावरचे अरब आणि मालतीताईंचा बसरा

मालतीताई सबनीस यांना मी शाळेत रोज पाहत होते, पण त्यांची खरी ओळख झाली ती एका रविवारी, दुपारच्या खेळाच्या मध्यंतरात.

मध्य प्रदेश तेव्हा नवा होता. माझे वडील घरात अजूनही 'होळकर सरकार' असेच म्हणत. कचेऱ्या एकेक करून भोपाळला चालल्या होत्या, आणि पिढ्यान्पिढ्या फौजेत नोकरी केलेल्या आमच्यासारख्या घरांतल्या मुली पहिल्यांदाच नोकरी धरू लागल्या होत्या. मी तेवीस वर्षांची होते आणि मुलींच्या हायस्कुलात नुकतीच लागले होते. शाळेत एक तुकडी मराठीची, बाकी सगळ्या हिंदीच्या. मालतीताई भूगोल शिकवीत. वयाने माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या. शिस्तीच्या, कमी बोलणाऱ्या म्हणून प्रसिद्ध.

त्या रविवारी आम्ही पाच-सहा शिक्षिका मिळून सिनेमाला गेलो. वाळवंटाची गोष्ट होती. काळ्या झग्यातला शेख, कमरेला वाकडा खंजीर, बाजारात विकायला उभ्या केलेल्या मुली, त्यांना सोडवणारा हिंदुस्तानी सौदागर, आणि मागे दाढ्या लावलेली पन्नास माणसे, काहीबाही ओरडणारी. मी भान हरपून पाहत होते. मध्यंतरात मी म्हणाले, "काय सेट लावलाय ना, एकदम असली अरबस्तान."

मालतीताई शेंगा सोलत होत्या. त्यांनी विचारले, "शैला, ते मागचे लोक काय बोलत होते, समजलं तुला?"

"अरबी असेल ना."

"नाही गं. ती कोणतीच भाषा नाही. मी लक्ष देऊन ऐकत होती. एक शब्द अरबी निघेल म्हणून वाट पाहिली, नाही निघाला."

मी चकित झाले. इंदूरच्या सबनिसांच्या घरातल्या बाईला अरबी कुठून येणार? तेव्हा त्यांनी सांगितले की त्यांचे वडील इराकमधल्या बसऱ्याच्या बंदरात ड्राफ्ट्समन होते, आणि वयाच्या सहाव्या वर्षापासून तेराव्यापर्यंत त्या तिथे वाढल्या. शेजारी उम्म सलीम नावाच्या बाई राहत. सकाळी त्या भिंतीवरून हाक मारत, "श्लोनिच, मालती?" शब्दशः अर्थ, तुझा रंग कसा आहे, म्हणजे कशी आहेस. एकदा मालतीताईंच्या आईला विषमज्वर झाला. घरात रांधणारे कोणी नाही, आणि आई कडक शाकाहारी. उम्म सलीमनी बाजारातून कोरे पातेले आणले, छोट्या मालतीला समोर उभे केले, तिच्याच हाताने ते धुवून घेतले आणि मग त्यात भात शिजवला. तीन आठवडे हे चालले.

"आईने खाल्लं," मालतीताई म्हणाल्या. "इंदूरला परत आल्यावर आजीला मात्र कधीच सांगितलं नाही."

घंटा झाली, आम्ही आत गेलो. उरलेला सिनेमा माझ्या डोळ्यांसमोरून गेला, पण मला त्याची चटक लागायची ती लागलीच. हे मी मुद्दाम लिहिते आहे. कारण पुढे जे झाले त्यात चूक माझी होती, आणि मालतीताईंच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात ती लपवली तर त्यांचे मोठेपण कळणार नाही.

दोन महिन्यांनी शाळेचे स्नेहसंमेलन होते आणि नाटक बसवण्याचे काम माझ्याकडे आले. मी त्या सिनेमावरूनच एक हिंदी नाटिका लिहिली. गुलामांचा बाजार, शेख, नाच, सगळे आले. शेखाच्या कामासाठी मी नववीतल्या जुबेदाला निवडले. शाळेत तिच्याइतके स्वच्छ पाठांतर कोणाचे नव्हते. पण मी तिला सांगताना म्हणाले ते वेगळेच. म्हणाले, "तुझे तो आसान पड़ेगा, ये सब तुम्हारे यहाँ का ही है।"

ती "जी बहनजी" म्हणाली. दोन तालमींना आली. मग शाळेत यायचीच बंद झाली.

आठवडा गेला. मालतीताई तिच्या वर्गशिक्षिका. त्यांनी मला शिक्षकखोलीत बाजूला घेऊन नाटिकेची वही मागितली, उभ्या उभ्याच वाचली आणि परत दिली. चेहऱ्यावर काही दिसले नाही. म्हणाल्या, "उद्या रविवार आहे. राणीपुऱ्यात जाऊ, जुबेदाकडे. तू पण चल."

जुबेदाचे वडील मिलच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. दोन खोल्यांचे घर, भिंतीवर औषध कंपनीचे कॅलेंडर, कोनाड्यात मुलींच्या वह्या. खरे सांगायचे तर मी मनात तयारी करून गेले होते. आता 'तशरीफ रखिए' वगैरे ऐकू येईल, आपल्याला उत्तर जमेल की नाही. ते गृहस्थ दारात आले आणि अस्सल माळवीत म्हणाले, "आओ बेनजी, बिराजो।" माझ्या आजोळी देवासला जसे म्हणतात, अगदी तसेच.

चहा झाला. मालतीताईंनी सरळ विचारले, लड़की स्कूल क्यों नहीं आती. वडील संकोचले. "मैंने तो समझाया बेनजी, के नाटक है, कर ले। अपन तो सात पीढ़ी से इंदौर के हैं। ऊँट तो मैंने भी मेले में ही देखा। पर ये मानती नहीं।"

जुबेदा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. मालतीताई तिला म्हणाल्या, "तू बता बेटा। डर मत।"

ती माझ्याकडे न बघता बोलली. "बहनजी, मैं शेख बन जाऊँगी। पार्ट याद है मुझे। पर फिलम में जब भी ऐसा आदमी आता है, सब लड़कियाँ पलट के मुझे देखती हैं। अब तो मैं स्टेज पे ही खड़ी रहूँगी। फिर बाद में भी वो ही रहूँगी।"

माझे कान तापले होते. मी माफी मागायला तोंड उघडले, तर तिचे वडीलच घाईने म्हणाले, "अरे नहीं बेनजी, आपने कोई बुरा थोड़ी सोचा।" त्या चांगुलपणाने मला अधिकच लाज वाटली.

परतताना मालतीताई मला रागावतील म्हणून मी वाट पाहत होते. कृष्णपुऱ्याच्या पुलाशी त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "तू वाईट नाही लिहिलं. तू पाहिलं तेच लिहिलं. आता दुसरं काही पाहिलंस ना, ते लिही. मी सांगते बसऱ्याचं, तू लिही. पंधरा दिवस आहेत."

आणि आम्ही लिहिले. बसऱ्याची एक गल्ली, आजारी मराठी आई, तिची सहा वर्षांची मुलगी आणि शेजारीण. पात्रे ठरवताना मालतीताईंनी जे केले ते मला आजही थक्क करते. मराठी मुलीचे काम त्यांनी जुबेदाला दिले, आणि उम्म सलीमचे काम आमच्या मराठी तुकडीतल्या एका जोशांच्या मुलीला. 'श्लोनिच' म्हणताना जोशांच्या मुलीची जीभ अडखळे, आणि 'आई गं' म्हणताना जुबेदाची. दोघी मधल्या सुट्टीत एकमेकींना शिकवीत बसत.

पण शाळेच्या कार्यकारिणीचे अध्यक्ष नाराज झाले. नाचाचे झगमगीत कपडे त्यांच्या ओळखीने मुंबईहून येणार होते, पाहुण्यांना तसे सांगूनही झाले होते. त्यांनी मालतीताईंना बोलावले. मीही सोबत गेले.

"पब्लिकला हेच आवडतं, बाई," ते म्हणाले. "सिनेमात चालतं, मग आपल्या स्टेजवर काय हरकत? कोणाला शिवी तर देत नाही आपण."

मालतीताई म्हणाल्या, "आपल्या शाळेत मुसलमान मुली आहेत, साहेब. त्यांनी पहिल्या रांगेत बसून हे पाहायचं का, एवढंच मला सांगा."

"तुम्ही फार पुढचा विचार करता. मुख्याध्यापिकेची जागा रिकामी होतेय, तुमचंच नाव आहे. तेव्हा जरा जपून."

"जपूनच बोलते आहे," मालतीताई म्हणाल्या. त्यांचा आवाज वर गेला नाही. "नाच बसवायचा असेल तर दुसऱ्या कोणाला सांगा. मी आणि शैला ही नाटिका करू. नको असेल तर स्टेज रिकामं ठेवा."

स्टेज रिकामे ठेवणे पाहुण्यांसमोर शक्य नव्हते. नाटिका झाली. सुरुवातीची दहा मिनिटे मागच्या बाकांवर चुळबुळ होती. लोक नाचाची वाट पाहत होते, कोणी शिट्टीही वाजवली. मग जुबेदा पातेले घासायला बसली. ते घासताना ती आत झोपलेल्या आईला हळू आवाजात सांगत होती की पातेले नवे आहे, मी स्वतः धुतले आहे, आता तू जेव. सभागृह शांत झाले. माझी आई स्त्रियांच्या बाजूला बसली होती, घरी आल्यावर म्हणाली, "त्या सबनिसांच्या पोरीने काम छान केलं हो." जुबेदा सबनिसांची नाही हे मी तिला दुसऱ्या दिवशी सांगितले.

मुख्याध्यापिकेची जागा दुसऱ्या बाईंना मिळाली. मालतीताईंनी त्या दिवशी नेहमीप्रमाणे सहावा तास घेतला. त्यानंतर निवृत्तीपर्यंत त्या सहाय्यक शिक्षिकाच राहिल्या, आणि या गोष्टीचा उल्लेख मी त्यांच्या तोंडून एकदाही ऐकला नाही.

त्याच वर्षी त्यांनी शनिवारी शाळा सुटल्यावरचा एक तास सुरू केला. नाव काही दिले नव्हते. मुली त्याला 'सिनेमाचा तास' म्हणत. ज्यांनी सिनेमा पाहिला असेल त्यांनी यायचे. फळ्यावर चार रकाने: माणूस कोण, काम काय करतो, बोलतो कसा, शेवटी त्याचे काय होते. महिनाभरात फळा भरला. मुसलमान म्हणून कोण दिसले? नवाब, कोठ्यावर गाणारी बाई, कव्वाल, आणि एक म्हातारे चाचा, जे हिरोसाठी जीव देतात. अरब असेल तर गुलाम विकणारा, नाहीतर दिव्यातून जिन काढणारा. "इनमें कंपाउंडर कितने?" मालतीताईंनी विचारले. मुलींनी फळा पाहिला. एकही नव्हता. मास्तर नव्हता, टपालवाला नव्हता, गणितात नापास होणारी मुलगीही नव्हती.

मराठी तुकडीतल्या मुली तेव्हा हसत होत्या. पुढच्या शनिवारी मालतीताईंनी त्यांना तोच तक्ता मराठी माणसांसाठी भरायला सांगितला. भांडी घासणारी बाई आणि हवालदार, याच्यापुढे यादी जाईना. हसणे थांबले. "आता समजलं का कसं वाटतं?" त्या म्हणाल्या, आणि फळा पुसून घरी गेल्या.

सिनेमाचा त्यांना राग होता असे मात्र कोणी समजू नये. त्यांच्याइतके सिनेमे आमच्यापैकी कोणीच पाहिले नसतील. एकदा कॉलेजातली काही मुले एका चित्रपटाचे पोस्टर फाडायला निघाली आणि त्यांनी ताईंना सोबत बोलावले. ताईंनी त्यांना बसवून सरबत दिले आणि विचारले, तुमच्यापैकी किती जणांनी सिनेमा पाहिला. दोघांनी. "मग आधी पाहून या, नंतर लिहा," त्या म्हणाल्या. त्यांनी स्वतः मुंबईच्या एका निर्मात्याला सहा पानी पत्र लिहिले होते, बसऱ्यात लोक प्रत्यक्षात कसे राहतात याबद्दल. उत्तरादाखल नायकाचा सही केलेला फोटो आला. तो त्यांनी शाळेच्या शिपाईणबाईंना देऊन टाकला, कारण त्या बाईंना तो नायक आवडे.

माझ्यावर त्यांचे वैयक्तिक उपकार किती सांगू? माझ्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले ते नेमके वार्षिक परीक्षेच्या दिवसांत. मालतीताई रोज दुपारी येत, माझ्या वर्गातल्या मुलींचे पेपर मला मोठ्याने वाचून दाखवत आणि मी सांगेन तो गुण लिहीत. एखाद्या उत्तराला मी जास्तच गुण दिले तर क्षणभर थांबत, पण काही म्हणत नसत. तेवढे थांबणे मला पुरे होई.

जुबेदा पुढे शिक्षिका झाली, उज्जैनच्या एका शाळेत तिने पुष्कळ वर्षे गणित शिकवले. तिच्या निवृत्तीच्या समारंभाला मालतीताई आणि मी बसने गेलो होतो. भाषणात तिने सांगितले, "मुझे बहनजी ने मराठी लड़की बनाया था। उसके बाद मुझे किसी ने पलट के देखा तो मैंने भी उसको सीधा देखा।" मी शेजारी पाहिले. मालतीताई मान खाली घालून पर्सची क्लिप उघडत-मिटत होत्या.

आता त्या सुदामानगरात पुतण्याकडे राहतात. गुडघे कुरकुर करतात, ऐकायला एका कानाने कमी येते, पण स्मरण लख्ख आहे. या लेखासाठी मी भेटायला गेले, तेव्हा म्हणाल्या, "हे बघ शैला, मला फार मोठी करून ठेवू नकोस. मोठ्या माणसाला मग कोणी काही विचारत नाही."

त्यांचा शब्द मी मोडू इच्छित नाही. पण चाळीसहून अधिक वर्षे जवळून पाहूनही या बाईंपुढे उभी राहिले की मला अजून नववीतल्या मुलीसारखे वाटते, हे नोंदवल्याशिवाय राहवत नाही. मालतीताईंना निरोगी, भरपूर आयुष्य लाभो. त्यांचे गुडघे त्यांना हवे तिथे नेवोत, चांगला कान शाबूत राहो, आणि काहीतरी विचारायला म्हणून त्यांच्या दारात येणाऱ्यांची रांग कधी न सरो. त्या रांगेत मी आहेच.