गिरणेकाठी अक्काची बोअर

नव्वदच्या दशकातला एक उन्हाळा. जळगावात नळ आठवड्यातून एकदाच यायचा. "हे पाणी येतं तरी कुठून, चला बघून येऊ," मी म्हटलं आणि ह्यांनी खरंच स्कूटर बाहेर काढली. बेत असा, की गिरणेच्या कडेकडेने धरणापर्यंत जायचं आणि वाटेत भडगावजवळच्या एका खेड्यात माझ्या थोरल्या बहिणीकडे, अक्काकडे मुक्काम करायचा.

शहराबाहेर नदीच्या पात्रात नुसती वाळू. पंपाजवळ बसलेला माणूस म्हणाला, "धरणातून सोडतात. काठावरच्या मोटारींतून वाचलं, तर आपल्यापर्यंत पोचतं."

उन्हाळ्यात या रस्त्याला लागणार असाल तर उजाडताच निघा. पाचोऱ्यापर्यंत रस्ता बरा आहे. तिथेच पेट्रोल भरा आणि स्टँडसमोर भजी खाऊन घ्या, कारण पुढे खड्डे आणि ऊन यांशिवाय काही नाही.

अक्काने ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला. भाऊजी गेल्यावर तिने एकटीने नवी बोअर घेऊन केळीची बाग उभी केली होती. घड अर्धे भरले होते. शेजारीच गावाची पिण्याची विहीर होती, पण तिचा तळ उघडा पडलेला. बाया घागरी घेऊन भडगावच्या रस्त्याला लागायच्या. अक्काला तोंडावर कोणीच काही बोललं नव्हतं.

"दोन दिन झाले, मी मोटर बंद ठेयेल शे," अक्का मला म्हणाली. "चाल, हिरमा पानी येस का देखू."

आम्ही विहिरीत डोकावलो. तळाशी आता थोडं पाणी चमकत होतं. अक्का बराच वेळ वाकून बघत राहिली. मग तडक पारावर गेली. गावातले वडीलधारे आबा तिथे बसले होते.

"आबा, मनी बोर आजपासून बंद."

"येडी शे का? तुनी केयी वाळी जाई!"

"केयी पुढला साले परत लागी. गावनी हिर कोन भरी?" तिने विहिरीकडे बोट दाखवलं. "पेवानं पानी बठ्ठासनं शे, मनं एकलीनं नही."

विहिरीलगतच बोअर असलेला दुसरा शेतकरी उठला. "अक्का बंद करस, तर मी बी करस," म्हणाला.

आम्ही पुढे गेलोच नाही. बागेत अक्काच्या शेजारी बसून राहिलो. मोठी पानं कडेने पिवळी पडायला लागली होती. ती एकेका घडावरून हात फिरवत होती. रडली नाही, पण जेवलीही नाही. परतायच्या सकाळी विहिरीवर रहाटाचा आवाज आला, तेव्हा मात्र मला हलवून म्हणाली, "आयकं का?"

निम्मी बाग वाळली. पुढच्या वर्षी तिने तिथे कपाशी लावली. पिण्याच्या विहिरीजवळ बोअर घ्यायची नाही, असं गावाने ठरवलं आणि बाग वाळली तो उन्हाळा टँकरवाचून काढला.

घरी आल्यावर शेजारणीने विचारलं, "काय काय पाहिलंत?"

मी म्हटलं, "माझी बहीण."