फोटोवाले हवालदार

मेढ्याच्या वरच्या रानात आम्ही एकदा झुडपाआड बसलो होतो आणि एक कोतवाल पक्षी येऊन हवालदारांच्या फेट्यावर बसला. काळाभोर, दुभंगलेल्या शेपटीचा. तिथून तो हवेत झेपावायचा, किडा पकडायचा आणि पुन्हा फेट्यावर येऊन निवांत खायचा. हवालदारांची पापणीसुद्धा हलली नाही. तो उडून गेल्यावर मी म्हणालो, "आज तुमचाच फोटो काढायला हवा होता."

"मग काडायचा हुता की," ते म्हणाले. "मी हललो असतो व्हय?"

हवालदार पहिल्या महायुद्धात इराकात बसऱ्याला होते. तिथल्या एका गोऱ्या साहेबाच्या हाताखाली ते फोटोग्राफी शिकले आणि परत येताना त्याचा जुना कॅमेरा घेऊन आले. तीन पायांच्या तिकाटण्यावर उभा करायचा, काळ्या कापडाखाली डोकं घालून बघायचा, काचेच्या प्लेटा घालायचा कॅमेरा. गावचे लोक लग्नाला, बारशाला बोलवायचे. पण हवालदारांचं मन रमायचं ते रानात. मी साताऱ्याच्या शाळेत चित्रकलेचा मास्तर. मला चितारायला पाखरं हवी होती, त्यांना तिकाटणं वाहायला जोडीदार हवा होता. एवढ्यावर आमची गाठ पडली आणि पुढं कित्येक रविवार आम्ही मिळून भटकलो.

तोवर दुसरं महायुद्ध सुरू झालं होतं आणि प्लेटा मिळेनाशा झाल्या होत्या. त्यामुळे हवालदार फार जपून फोटो काढत. दिवसभर घरट्यासमोर बसून, एकही प्लेट न वापरता आम्ही परत येत असू. मी हिरमुसलो की ते म्हणत, "आज पाखरानं मनावर घ्येतलं न्हाई, मास्तर. तेची बी कामं असत्यात." त्यांच्या आवाजात तक्रार नसे. खूप दिवसांनी भेटलेला पाहुणा लवकर उठून गेला, तर आपण जसं बोलतो, तसं ते बोलत.

पक्ष्यांच्या नावांवरून मात्र आमचं दर वेळी वाजायचं. लांब पायाचा पक्षी दिसला की तो बगळा आणि बाकदार चोचीचा दिसला की तो ससाणा, अशी त्यांची सरळ वाटणी होती. मी पुस्तकातलं नाव सांगितलं की ते शांतपणे ऐकून घेत आणि म्हणत, "असंल. पर हितं समदी तेला ससाणाच म्हणत्यात." समदी म्हणजे ते एकटेच, हे मला ठाऊक होतं.

नदीसुरय पक्ष्यांची अंडी उघड्या वाळूवर असतात असं मी त्यांना सांगितलं, म्हणून आम्ही एकदा सांगलीला गेलो. कृष्णेच्या पात्रातल्या वाळूवर हवालदार पालथे पडून राहिले. पलीकडे एक ओंडका होता. हळूहळू तो ओंडका पाण्यात सरकला तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं. हवालदार तसेच पडून. मगर दिसेनाशी झाल्यावर मी त्यांचे पाय धरून त्यांना मागं ओढलं. ते माझ्यावरच उखडले. "आवं, ती चालली हुती तिच्या वाटंनं. तुमी कशाला वाळू उडवली? पाखरं गेली न्हवं."

परतताना एका ओढ्यात मी शेवाळावर घसरलो आणि त्यांचा आधार घ्यायला हात पुढं केला. त्यांनी दोन्ही हातांनी कॅमेरा छातीशी धरला आणि मला खुशाल पाण्यात पडू दिलं. वर म्हणाले, "पयला कॅमेरा, मग पाखरू, मग मी, मग तुमी. आदीच सांगून ठेवतो." हा किस्सा मी शाळेत सगळ्यांना रंगवून सांगत असे. आपल्या जोडीदाराला आपल्यापेक्षा कॅमेरा प्यारा आहे, अशी माझी खात्रीच होती.

त्यांना एका फोटोचा ध्यास होता. मोहोळघार नावाचा शिकारी पक्षी कड्यावरची आग्या मोहोळं फोडतो. पोळ्यात पंजे रुतवून तो लचका तोडतो, तो क्षण त्यांना हवा होता. उन्हाळ्याच्या तोंडाशी मेढ्याच्या वर एका कड्याला मोठी पोळी लागली आहेत आणि घार तिथं घिरट्या घालते आहे, अशी बातमी आली. सकाळीच आम्ही कड्याखाली पोचलो. पोळी अंगावर आल्यासारखी वाटत होती. मी म्हणालो, "हवालदार, मोहोळ उठलं तर?"

"उठलं तर बसंल," ते म्हणाले आणि तिकाटणं रोवायला लागले.

घार आली तेव्हा ते काळ्या कापडाखाली होते. ती कड्याला समांतर आली, पंख आवरून पोळ्यावर आदळली आणि एक मोठा तुकडा तोडून निघून गेली. मी भान हरपून बघत होतो. मग पोळ्याचा रंग बदलला. वरून धूर उतरावा तसं काहीतरी खाली यायला लागलं. तो धूर नाही, हे मला आवाजावरून कळलं.

मी पळायच्या आत हवालदारांनी मला खाली पाडलं. कॅमेरा दगडांवर आपटल्याचा आवाज झाला. कॅमेऱ्याचं ते दुपदरी जाड काळं कापड त्यांनी माझ्यावर टाकलं, माझे पाय दुमडून आत सारले आणि कडा दगडांनी दाबल्या. "हलायचं न्हाई, मास्तर. काय बी ऐकू आलं तरी हलायचं न्हाई."

"तुम्ही आत या," मी म्हणालो.

"दोघांना पुरत न्हाई."

मग ते उतारावरून पळत सुटल्याचं मला ऐकू आलं. पळताना ते ओरडत होते, पण ते किंचाळणं नव्हतं. गुरांना बोलवावं तसं ते माश्यांना बोलवत होते. "या, या. हिकडं या." कापडावर माश्या गारांसारख्या आपटत होत्या, त्या हळूहळू कमी झाल्या. हवालदारांचा आवाज दूर दूर जात राहिला आणि थांबला.

मी किती वेळ तसा पडून होतो ते सांगता येत नाही. ओरडणं ऐकून खालच्या वाडीतली माणसं पेटते टेंभे घेऊन आली तेव्हा मी बाहेर निघालो. हवालदार खाली ओढ्यात सापडले. फेटा नसता तर मी त्यांना ओळखलं नसतं. बैलगाडीत मी त्यांच्या उशाशी बसलो होतो. डोळे सुजून मिटले होते, तरी माझा हात हाताला लागताच ते पुटपुटले, "मास्तर, कापड काढू नगा." त्यानंतर ते बोलले नाहीत. गाडी साताऱ्याला पोचली तेव्हा दवाखान्यात न्यायला काही उरलं नव्हतं.

सगळं आटोपल्यावर दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो.  हवालदारांच्या पत्नी, काकू, भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी मला जवळ बोलावलं, माझं तोंड निरखलं, हात उलटेपालटे करून पाहिले.

"तुमाला कुठं डसल्या?"

"कुठंच नाही, काकू. एकसुद्धा नाही."

त्या बराच वेळ माझा हात धरून राहिल्या. मग म्हणाल्या, "मग फुकट न्हाई ग्येलं."

शेजारणीनं पिठलंभाकरी आणून ठेवली होती. काकूंनी ती माझ्यापुढं सरकवली आणि मी जेवेपर्यंत समोर बसून राहिल्या.