हळदीचा अंगठा

तिचं नाव मला आजही माहीत नाही. परभणीच्या विद्यापीठात आहार आणि पोटाच्या आरोग्यावर संशोधन चालतं, तिथं खिडकीशी नमुने घेणारी पन्नाशीची बाई, एवढीच ओळख. माझंही नाव तिला ठाऊक नसावं. डबीवर फक्त नंबर असायचा.

त्या संशोधनात मी नाव दिलं होतं. महिनाभर ज्वारीची भाकरी खायची, खाल्लेलं रोज वहीत लिहायचं आणि दर सोमवारी शौचाची डबी नेऊन द्यायची, असं ठरलं होतं. पहिल्या सोमवारी ताडकळसहून एसटीत ती डबी मी रुमालाखाली लपवून आणली. तिनं मात्र ती दोन्ही हातांनी घेतली, संक्रांतीचं वाण घ्यावं तशी. मग वही चाळली आणि चष्मा कपाळावर सारला.

"सर, खरी वही हळदीनं पिवळी होते. तुमची लयच स्वच्छ हाय."

मी मास्तर माणूस. पुतणीच्या लग्नात तीन दिवस जिलेबी हाणली होती आणि एसटी स्टँडवर एका बैठकीत आठवडाभराचं भाकरी-ताक लिहून काढलं होतं. कान गरम झाले. सगळं कबूल केलं आणि आता नाव कापणार, म्हणून उठलो.

"बसा हो. जिलेबी खाल्ली तर खाल्ली, पण लिहा. पोट एक सांगायलंय अन् वही दुसरंच, तर आमी कुणाचं ऐकावं?"

तिच्याच पेनानं जिलेबी लिहिली. खरं सांगतो, कित्येक दिवसांनी पोट हलकं वाटलं.

पुढच्या सोमवारी तिनं डबीआधी वही मागितली. कोपऱ्यातल्या पिवळ्या अंगठ्यावर बोट टेकवून म्हणाली, "आता झाली सही."