भुताला टाळ्या

मंडळी, आत्ताच किहीमहून घरी पोचले.

तिथल्या एका पार्कच्या भूतबंगल्यात पांढऱ्या झग्यातल्या तीन बायका भुतं बनून ऑपेरा गातात. गाणं रेकॉर्डवर असतं, त्या गोल फिरणाऱ्या स्टेजवर नुसते ओठ हलवतात. आज अंधारात मधलीने अशी किंकाळी फोडली की अंगावर काटाच आला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.

ती परत ओरडली, "अरे बंद करा, गळा आवळतोय."

विलायती गाण्यात मराठी कुठून आलं? माझी जाऊ धावली तेव्हा कळलं, त्या मधलीच्या गळ्यातली ओढणी स्टेजखाली अडकली होती. स्टेज थांबवलं, ती वाचली.

श्वास आल्यावर मला म्हणाली, "ताई, पहिली किंकाळी पण खरीच होती."

तुम्हाला कळलं असतं?