भिंतीवर लावायचा फोटो

आईनं फोटो मागितला तेव्हा मी डबा भरत होते, खांद्यावर मान वाकडी करून फोन धरला होता आणि पलीकडून कंपनीच्या बसचा ड्रायव्हर मला कुठे उभं राहायचं ते सांगत होता. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. माझा फोन संपेपर्यंत थांबली आणि म्हणाली, "मला एक चांगला फोटो काढून दे. भिंतीवर लावाय. तुझ्या बाबांसारखा नको."

बाबांचा फोटो हा आमच्याकडचा दुखरा विषय आहे. ते गेले तेव्हा गडबडीत एकही धड फोटो हाताशी लागेना, म्हणून कुठल्याशा ओळखपत्रावरचा मोठा करून आणला. आयुष्यभर हसत वावरलेला माणूस त्यात पोलिसांना हवा असलेल्या गुन्हेगारासारखा दिसतो. आई रोज त्याला हार घालते आणि लगेच पाठ फिरवते.

"आणि दसऱ्याआधी मी गावाकडं जातो," ती पुढे म्हणाली. आमच्या निपाणीकडे बायकाही 'जातो'च म्हणतात. मी डबा पिशवीत टाकला आणि चपला घातल्या.

बसमध्ये मात्र ते 'जातो' डोक्यातून जाईना. मी एकुलती एक. बाबा गेल्यावर आईला बेंगळुरूत, बनशंकरीच्या आमच्या फ्लॅटमध्ये आणलं ते कायमचं म्हणूनच. गावाकडे आता घर आहे, त्यात माणूस नाही. आणि इथे येऊन काही महिने होत नाहीत तोवर तिचं सुरू झालं, करमत नाही. का करमत नाही, ते सांगेना. मग आम्हीच कारणं शोधली. लेकीच्या घरी किती दिवस राहायचं, हा संकोच तर होताच. माझ्या नवऱ्याशी ती एक शब्द बोलत नसे. तो बिचारा "आई, चहा घेतला का" विचारायचा, ही नुसती हसून पदर सारखा करायची. जावयाची भीड, असं आम्ही म्हणायचो. शेजारच्या अक्का कन्नडमधून गप्पा मारायला यायच्या, तर आई प्रत्येक वाक्याला बरं, बरं अशा अर्थानं "सरी, सरी" म्हणून मोकळी. वास्तविक आईला कन्नड चांगली येते, पण आमच्या सीमेकडची कन्नड वेगळी आणि बेंगळुरूची वेगळी, तेव्हा इथली तिला झेपत नसेल. आणि सगळ्यांत मला टोचायची ती तिची खुर्ची. हॉलमध्ये ती दिवसभर दाराकडे तोंड करून बसायची. खिडकीबाहेर छान गुलमोहर आहे, त्याच्याकडे पाठ. म्हणजे मन सगळं जाण्याकडे लागलंय, दुसरं काय? संध्याकाळी दार उघडलं की ती नजर पहिली अंगावर यायची आणि मला उगाच राग यायचा.

तर फोटो. निदान तो तरी झकास काढून द्यावा आणि त्या निमित्तानं चार दिवस तिला थांबवावं, असा माझा बेत होता.

माझ्याकडे जुना डीएसएलआर आहे. मुलगी रांगत होती तेव्हा हौसेनं घेतलेला. आता ती कॉलेजला आहे आणि कॅमेऱ्याच्या मुठीवरचं रबर सुटून चिकट झालंय, पण बाकी गडी पक्का. हातात घेतला की मनगटाला कळतं काहीतरी घेतलंय. डोळा लावला की आजूबाजूचं सगळं बंद, फक्त समोरचं माणूस. बटण दाबलं की आत आरसा उडतो तो खटॅक आवाज मला अजून आवडतो. मी बोम्मसंद्र्याला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दिवसभर पार्ट मोजायचे, पास करायचे, नापास करायचे. मला जड, नेमकी, एकच काम करणारी उपकरणं बरी वाटतात. एरवी मी स्वतः तशी मुळीच नाही. पायाला भिंगरी लावल्यासारखी घरभर फिरत असते, हे सगळेच सांगतात.

रविवारी सकाळी आईला बाल्कनीत बसवलं. ऊन तिरपं, मऊ. तिनं गुंजांच्या रंगाची इरकल नेसली होती. मी डोळा लावला आणि सूचना सुरू केल्या, इकडे बघ, मान थोडी वर, खांदे सैल, हस की जरा. भरपूर फोटो काढले. संगणकावर उघडले आणि माझा चेहरा पडला. साडीचा काठ मोजून घ्यावा इतका स्वच्छ, कानातल्या कुडीचे मोती वेगवेगळे दिसतायत, मागची कुंडी हवी तशी धूसर. आणि मध्ये आई, कपाळाला आठ्या, तोंड अर्धवट उघडं, लांबून येणाऱ्या बसची पाटी वाचायची धडपड करावी तशी. एकही फोटो वेगळा नाही. आईला दाखवले. ती म्हणाली, "ही कोण आजारी बाई?"

पुढच्या रविवारी भिंग बदललं. त्याच्या पुढच्या रविवारी हॉलमध्ये बसवलं, पडदा लावला, काढला, पांढरी चादर धरली. आजारी बाई काही हटेना. माझा पारा चढत गेला. मी जितकं "हस" म्हणायचे तितक्या आठ्या वाढायच्या. तिसऱ्या रविवारी मी कॅमेरा आदळायचा तेवढा बाकी ठेवला.

त्यावर मुलीनं तिच्या खोलीतून एक छोटा कॅमेरा आणला. साबणाच्या वडीएवढा, रुपेरी. तिच्या पहिलीदुसरीच्या काळात सहलींना न्यायला म्हणून घेतलेला, मग फोन आले आणि तो ड्रॉवरमध्ये गेला. आता कॉलेजातल्या पोरींमध्ये त्याची पुन्हा फॅशन आली आहे म्हणे, फोटो जरा वाईट येतात म्हणूनच आवडतात. मी नाक मुरडलं. चालू केला की कुंईं करत नळी बाहेर येते, बटण दाबल्यावर विचार करून फोटो काढतो, सावलीत रवाळ, बॅटरी बघता बघता झोपते. डोळा लावायला खिडकीच नाही. मागच्या पडद्यात बघत छातीपाशी धरायचा. आईला परत बाल्कनीत बसवलं, मी वैतागून तो धरला, दोन शब्द बोलले, दाबलं.

फोटो वाईटच होता. मागे दोरीवर नवऱ्याचे बनियन. आईच्या गालावर उन्हाचा पांढरा डाग. पण मध्ये आई होती. माझी आई, निपाणीच्या बाजारात भाजीवालीशी हुज्जत घालताना असायची तशी, डोळ्यांत खट्याळपणा, तोंड बोलण्याच्या बेतात.

मुलगी म्हणाली, मोठ्या कॅमेऱ्याला माणसं बिचकतात, लहान असला की सैल होतात. पटण्यासारखं होतं. मला मात्र पटेना. आई या मोठ्या कॅमेऱ्याला वर्षानुवर्षं ओळखत होती. मी जुने फोटो काढून बसले. मुलीचा वाढदिवस, गावची जत्रा, आम्ही या फ्लॅटमध्ये राहायला आलो तो दिवस. सगळ्यांत आई हसतेय, छान हसतेय. फक्त एकाही फोटोत ती कॅमेऱ्याकडे बघत नाही. प्रत्येक वेळी नजर माझ्या डावीउजवीकडे कुठेतरी. तेव्हा मी चिडायचे, हिला कॅमेऱ्यात बघायचं साधं कळत नाही म्हणून. आणि माझ्या शेजारी उभं राहून बाबा तिला काहीतरी सांगत असायचे. बाबांची ती सवयच होती, तिच्याशी बोलायचं तर समोर जाऊन उभं राहायचं. फोनसुद्धा नेहमी तेच घ्यायचे आणि म्हणायचे, आई कामात आहे, मी सांगतो तिला.

कारखान्यात एकच पार्ट दोन उपकरणांवर दोन मापं दाखवायला लागला की आम्ही उपकरणांवर विश्वास ठेवत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बघायचं. मी पुढच्या रविवारी तेच केलं. तीच खुर्ची, तेच ऊन, तीच इरकल. आई कंटाळली होती, पण बसली.

डीएसएलआर डोळ्याला लावून, आजारी बाई. छोटा छातीपाशी धरून, माझी आई. इथवर ठरल्यासारखं. मग ऊन वाढलं, छोट्याच्या पडद्यावर काही दिसेना, म्हणून मी तो अगदी तोंडासमोर धरला आणि वरून पंजाची सावली केली. आजारी बाई. साबणाच्या वडीला कोण बिचकतं? मी डीएसएलआर तिकाटण्यावर, म्हणजे ट्रायपॉडवर, लावला, शेजारी सरळ उभी राहिले, हात लांब करून बटण दाबलं. खटॅक. मोठा कॅमेरा रोखून समोर उभा, आणि आई मजेत हसत होती, माझ्याकडे बघून.

म्हणजे कॅमेऱ्याचा प्रश्नच नव्हता. बदलत होतं ते एकच, माझं तोंड दिसतंय की नाही.

मी तिकाटण्यावरून डीएसएलआर काढला, पुन्हा डोळ्याला लावला, आणि त्याच्या आडून नेहमीच्या आवाजात म्हणाले, "आई, तुला ऐकू येत नाही का?"

आईनं पदर सारखा केला आणि हनुवटी थोडी वर उचलली.

मी बटण दाबलं नाही. कॅमेऱ्याच्या खिडकीतून तिचा चेहरा दिसत होता, पुढची सूचना काय असेल याचा अंदाज घेणारा, चुकू नये म्हणून जिवाचा आटापिटा करणारा. शाळेत फळ्यावरचं न दिसणारी मुलं अशी बसतात. किती महिने ही बाई माझ्या घरात अशी बसली होती! मला रडू आलं आणि ते लपवायला तो जड डबा फार उपयोगी पडला.

मग मी तो खाली ठेवला, तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि तेच पुन्हा विचारलं. तिनं माझ्या ओठांकडे बघितलं. तिथून नजर दाराकडे गेली, जावई घरात आहे का ते बघायला. तो नव्हता.

"तुझ्या बाबांना ठाऊक होतं," ती म्हणाली. "मीच त्यांना शपथ घातलेली, कुणाला सांगू नका म्हणून."

का, असं मी विचारलं नाही, पण ते तिनं माझ्या चेहऱ्यावरून वाचलं असावं. शांतपणे सांगितलं, की बहिरी म्हटलं की माणसं एकतर ओरडतात, नाहीतर बोलायचीच बंद होतात. तिच्या आजीचं तसं झालेलं तिनं बघितलं होतं. घरात सगळी असायची आणि आजीशी कुणी बोलायचं नाही. म्हणून ती हळूहळू ओठ वाचायला शिकली. बाबा बरोबर असेपर्यंत निभावून गेलं. मध्ये सगळे तोंडाला मास्क लावून हिंडायचे, ते दिवस तिनं घरातच काढले. आम्हाला वाटलं, आजाराला भ्याली. आणि इथे? जावयाच्या मिशीखाली ओठ कुठे आहेत तेच दिसत नाही. नात बोलते ती मान खाली घालून, फोनमध्ये. शेजारच्या अक्का बोलताना तोंडावर पदर धरतात. दार कधी वाजतं ते कळत नाही, म्हणून दाराकडे बघत बसावं लागतं.

"आणि मी?" मी विचारलं.

"तू घरभर फिरत बोलतीस," आई म्हणाली. "अर्धं वाक्य हिकडं, अर्धं स्वयंपाकघरात. मला तुझी पाठच दिसती."

तिनं हे तक्रार म्हणून सांगितलं नाही, हवा कशी आहे सांगावं तसं सांगितलं. त्यामुळे ते जास्त लागलं. गावाकडे घर रिकामं, तर इथल्यासारखंच तिथेही कुणी बोलणार नाही. निदान तिथे ऐकू येतंय असं सोंग तरी आणावं लागणार नाही. तिच्या 'जातो'चा अर्थ एवढाच होता.

त्यानंतरच्या गोष्टी फार सरळ झाल्या नाहीत. डॉक्टर झाले, यंत्र झालं. यंत्रात तिला पंखा ऐकू येतो, कुकर ऐकू येतो, रिक्षांचे हॉर्न ऐकू येतात आणि माणसं त्या सगळ्यांच्या मागे कुठेतरी, म्हणून ते बहुतेक वेळ डबीत असतं. नवऱ्याला मी सगळं सांगितलं. तो संध्याकाळी सलूनमधून आला तो वरच्या ओठावरून मिशी कातरूनच. कॉलेजपासून जपलेली मिशी ती. आईनं त्याच्याकडे नीट बघितलं, आणि त्यानं चहाचं विचारल्यावर पहिल्यांदा उत्तर दिलं, साखर कमी घाला म्हणून. मी मात्र अजून अडखळते. बोलता बोलता पाय चालायला लागतात. अर्ध्या वाटेत आठवतं, परत फिरते, तिच्यासमोर बसते, वाक्य पहिल्यापासून सुरू करते. बसलं की माझ्या गुडघ्यांना मुंग्या येतात. आई ते बघते आणि हसते. दसऱ्याचं तिकीट काढायचं राहून गेलं, तो विषय तिनंही पुन्हा काढला नाही.

फोटो तेवढा राहिला होता. मी दोन मोठे करून आणले. एक डीएसएलआरचा, तिकाटण्यावरचा, सगळ्या बाजूंनी पास होणारा. दुसरा नुसता बरोबर असावा म्हणून, त्या तिसऱ्या रविवारचा, छोट्या कॅमेऱ्याचा. मोठा केल्यावर तो आणखी रवाळ झाला होता, गालावरचा डाग रुपयाएवढा, आणि मागे बनियन होतेच.

आईनं दोन्ही मांडीवर ठेवले आणि बनियनवाला उचलला. मी तिच्यासमोर बसून समजावलं, की हा धूसर आहे, रंग उडालेत, भिंतीवर बनियन काय शोभणार, आणि तू कॅमेऱ्यात बघत पण नाहीस, मी बोलतेय म्हणून वर माझ्या तोंडाकडे बघतेयस. तिनं माझं सगळं बोलणं ओठांवरून शेवटपर्यंत वाचलं. मग फोटो माझ्यापुढे धरला, आपल्याच चेहऱ्यावर बोट ठेवलं.

"ह्यात मला ऐकू यायलंय बघ," ती म्हणाली.