उशिरा दिलेले वाक्य

नाटक कसे पाहावे, हे मी नाशिकच्या एका वाचनालयात रविवारी शिकवतो. मोबाइल बंद ठेवण्यापासून नटाच्या विरामाचा मान राखण्यापर्यंत सारे मनापासून सांगतो. एक गोष्ट मात्र मी कधीच सांगितलेली नाही. यवतमाळला महाविद्यालयात असताना एका स्पर्धेत मी प्रॉम्प्टर होतो. नट वाक्य विसरला, तर विंगेतून ते हळूच पुरवायचे, हे माझे काम. मुख्य भूमिका मला हवी होती. ती मिळाली माझा मित्र मनोहर याला. ऐन प्रयोगात तो अडला. त्याने विंगेकडे पाहिले. त्या वाक्याखाली माझे बोट होते, तरी मी बोललो नाही. प्रेक्षागृह हसू लागले आणि पडदा पाडावा लागला. विंगेतला बल्ब गेला होता, असे मी सर्वांना सांगितले. मनोहरने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि उलट माझीच समजूत घातली.

बल्ब गेला नव्हता.

यंदाच्या जानेवारीत मनोहरचा फोन आला. "गावात नाटक बसवलं हाय, सद्या. तू मोठा जाणकार, येऊन पाय (पाहा) तरी!" इतक्या वर्षांत असे कितीतरी फोन मी सबबी सांगून टाळले होते. या वेळी मात्र त्याला खरे सांगायचेच, असे ठरवून निघालो.

यवतमाळच्या बसस्थानकासमोर सकाळच्या थंडीत तर्री-पोहे (पोह्यांवर चण्यांचा झणझणीत रस्सा) खाल्ले. डोळ्यांतून पाणी आले, पण तेवढ्याने हुशारीही आली. दारव्ह्याच्या एसटीत खिडकी मिळाली. दोन्ही बाजूंना शेवटच्या वेचणीचा कापूस, मध्येच पिवळी पडत चाललेली तूर आणि दूरवर सागाच्या टेकड्या. हा रस्ता मला इतका आवडतो, हे मी स्वतःपासूनही दडवून ठेवले होते.

दारव्ह्याला आठवडी बाजार भरला होता. तिथून गावाकडे जाणाऱ्या जीपमध्ये मला जागा मिळाली ती बाजारात न खपलेल्या कापसाच्या सैल बांधलेल्या गाठोड्याला टेकून. खास प्रयोगासाठी घातलेले माझे काळे जाकीट उतरेपर्यंत पांढरे झाले. गाठोड्याची मालकीण पदर तोंडाला लावून हसत होती.

"कोणाच्या घरी चालले, भाऊ?"

"मनोहररावांकडे. नाटक पाहायला."

"मंग झटकून घ्या जरा. नाहीतर लोक म्हणतीन, पात्र आलं!"

"पण नाटक भर दुपारी का ठेवले आहे?"

"रातीची लाईन असते ना आमच्या वावरात (शेतात)," ती म्हणाली. "वीज आली का मोटर सुरू करा, हरभऱ्याले पानी द्या. रातीले नाटक पाहाले काय बुजगावने येतीन?"

मनोहर फाट्यावर उभा होता. केस पिकलेले, हसणे मात्र जसेच्या तसे. "काय बे, कापूस घेऊन आला काय!" म्हणत त्याने मला कवेत घेतले. त्याचे वडील जलशात (गाणी आणि संवादांतून समतेचा विचार सांगणारा खेळ) गायचे. स्पर्धेत त्या दिवशी पडदा पडल्यावर मनोहर शहराच्या रंगमंचावर पुन्हा उभा राहिला नाही. वडिलांच्या वाटेने गावातच खेळ करू लागला. हे तो आनंदाने सांगत होता आणि मी खाली मान घालून ऐकत होतो.

घरी भाकरी आणि तुरीच्या सोल्यांची (ओल्या दाण्यांची) भाजी वाट पाहत होती. मनोहरची पत्नी, कमलवहिनी, काही न बोलता हातानेच आग्रह करीत होत्या.

"हिचा घसा बसला," मनोहर म्हणाला. "वाक्यं द्याचं काम हिचं. तालमीत पोट्टे ऐकत नाहीत, मंग हे वरडते. आता तूच बस विंगेत."

"मी? नको रे. वहिनी हळू आवाजात..."

वहिनींनी घशाकडे बोट दाखवून हात जोडले.

"काहून नको? तुले त सवय हाय. अन् आता दिवस हाय, बल्बची भानगडच नाही!"

तो खळखळून हसला. मी हातातला घास ताटात ठेवला. सांगून टाकावे म्हणून मी त्याचे नाव घेतले, तोच गावातले दोघे जण नाटकासाठी मनोहरची बाज (खाट) मागायला आले आणि ती उचलण्याच्या गडबडीत माझे बोलणे राहून गेले.

विहारासमोरच्या मोकळ्या जागेत दोन ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जोडून रंगमंच केला होता. जोडलेल्या लुगड्यांचा पडदा, बाजूला गोणपाटाची विंग. तिथे उकिडवा बसून मी नाटकाची वही उघडली. मनोहर कानाशी वाकला : "एकच ध्यानात ठेव. मी तुह्याकडं पायल्याबिगर बोलू नको."

नाटक साधे होते. मुलीने आपल्या मनाने लग्न केले म्हणून बापाने तिच्याशी बोलणे टाकलेले. ती बऱ्याच काळाने दारात येऊन उभी राहते. बाप अर्थातच मनोहर. मला अंधारात बसून नाटक पाहायची सवय. इथे सूर्य डोक्यावर होता. प्रेक्षकांना नट दिसत होते, तसे नटांना प्रेक्षकही दिसत होते. शेंगा सोलणारे हात केव्हा थांबतात, हे मनोहर पाहत होता आणि त्यावर आपला वेग ठरवीत होता. कुणी "खरं हाय!" म्हटले की तो तेवढे थांबून, ते ऐकून पुढे जाई. मी वर्गात ज्याला 'प्रेक्षकांचा सहभाग' म्हणतो, तो इथे पहिल्या रांगेत मांडी घालून बसला होता.

मुलगी दारात आली. बापाचे वाक्य एवढेच होते : "आत ये, माय." मनोहर थांबला. शेंगा सोलणारे सारे हात थांबले. मुलीकडे पाहत तो तसाच उभा राहिला.

माझे बोट त्या वाक्याखाली होते. तेच बोट, तीच शांतता. त्याने माझ्याकडे पाहिले नव्हते, हे मला दिसत होते, तरीही मी ओरडलो, "आत ये, माय!"

शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेले. क्षणभर कुणाला काही कळेना. मग पुढे बसलेली एक म्हातारी तावातावाने उठली.

"तुले कोनं इचारलं रे? पोरगी त्याची, बोलू दे ना त्या बापाले!"

सारे गाव हसले. मनोहरने शांतपणे विंगेकडे मान वळवली आणि बापाच्याच आवाजात म्हणाला, "बोलतो, बावा, बोलतो. इतल्या वर्साचा राग हाय. जिभीवरून उतरता उतरत नाही."

हसू जागच्या जागी विरले. तो पुन्हा मुलीकडे वळला. पुन्हा थांबला, पहिल्यापेक्षा जास्त. या खेपेला मी तोंडावर हात दाबून धरला. मग तो म्हणाला, "आत ये, माय." जीपमधली ती गाठोडेवाली पदराने डोळे पुसताना मला गोणपाटाच्या फटीतून दिसली.

खेळ संपल्यावर म्हातारी मला शोधत आली. "तूच होय का तो घाईचा?" म्हणून तिने मूठभर शेंगा माझ्या हातावर ठेवल्या. "पुढच्या खेपेले ये. पन गुमान (गप्प) बसजो!" दिवस कलला तसे लोक पाण्याच्या मोटारी सुरू करायला वावराकडे निघाले, तेही हसत, एकमेकांना "आत ये, माय!" म्हणत. मीही हसलो. इतके मोकळे मी कुठल्याही नाट्यगृहात हसलो नव्हतो. त्या हसण्यात मनोहर माझ्या खांद्यावर हात टाकून उभा होता, आणि तेव्हाही मी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनोहर आणि वहिनी मला फाट्यावर सोडायला आले. वहिनींनी सोल्यांची पिशवी दिली. बस आली, मी खिडकीशी बसलो. रविवारी वर्गात काय सांगावे, याचा विचार मनात सुरू झाला. विराम नटाचा असतो, असे मी शिकवतो. तो फक्त नटाचा नसतो. समोर बसलेल्यांनी तो धरून ठेवावा लागतो, आणि त्यासाठी समोरच्या माणसाकडे पाहावे लागते. एकदा मी वाक्य अडवले, एकदा ते घाईने फेकले. दोन्ही वेळा मी मनोहरकडे पाहत नव्हतो, स्वतःकडेच पाहत होतो. आता तो खिडकीखाली उभा होता आणि वर माझ्याकडे पाहत होता.

"मनोहर," मी हळू आवाजात म्हणालो, "मला तुला एक सांगायचे होते."

बसचे इंजिन घरघरले. त्याने कानामागे हात धरला. "मोठ्यानं बोल ना, बे! इथं काय नाटक सुरू हाय?"

कंडक्टरने घंटी दिली. मी दोन्ही हातांनी खिडकीचा गज धरला आणि सगळ्या बसला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणालो, "त्या दिवशी बल्ब गेला नव्हता, मनोहर! वाक्य माझ्या बोटाखाली होते. तू माझ्याकडे पाहिलेस आणि मी मुद्दाम दिले नाही. माझे चुकले. मला माफ कर!"