केंडाचा राक्षस

बाहुल्या मला कधीच आवडल्या नाहीत. मुंबईच्या काकीने आणलेली निळ्या डोळ्यांची बाहुली मी दुसऱ्याच दिवशी शेजारच्या मुलीला देऊन टाकली. मला राक्षस लागत. नारळाच्या सोडणाचे, करवंटीचे कितीतरी केले, पण खरा राक्षस एकच, केंडाचा.

केंड म्हणजे फुगणारा काटेरी मासा. विषारी, म्हणून जाळ्यात आला की लोक तो वाळूत फेकून देत. तिथे तो रागाने टम्म फुगून बसायचा, अगदी माझ्यासारखा. तसला एक मी घरी आणला, पोट साफ करून आत कोरडी वाळू ठासली आणि कौलांवर वाळत ठेवला. आठवड्याने वाळू ओतून टाकली तरी काटे उभेच! डोळ्यांना कवड्या लावल्या, जिभेला लाल चिंधी. तसला राक्षस आख्ख्या गावात कुणाकडे नव्हता. वास यायचा, ते मात्र खरं.

"हो घाणेरडो मासो आधी घराभायर काढ," आई रोज ओरडायची. मी कसली काढते!

त्याच वर्षी वडिलांनी नवी होडी केली आणि पहिले आठ-दहा दिवस जाळं जवळपास रिकामंच आलं. आत्येने निदान केलं, "नजर लागली. होडयेक कायतरी भयंकर बांधा." वडील माझ्यासमोर येऊन उभे राहिले. एरवी ते माझ्याशी चार शब्द बोलत नसत.

"तुझो राकस माका दी."

"दितंय. पण मीच बांधतलंय."

बायकांनी होडीत पाय ठेवायचा नाही, असा आमच्याकडे दंडक. आत्येने कपाळावर हात मारला. वडिलांनी एकदा समुद्राकडे पाहिलं, मला उचललं आणि होडीत ठेवलं. होडीच्या पुढच्या टोकाला मी राक्षस बांधला, जाळं विणताना शिकलेली दुहेरी गाठ मारून. "ही गाठ सुटूची नाय," मी सगळ्यांना बजावलं. त्यानंतर बांगडा मिळू लागला आणि मी गावभर मान ताठ करून फिरू लागले.

मग एका दुपारी अचानक वारा सुटला. बाकीच्या होड्या परतल्या, आमची नाही. आई किनाऱ्यावर नुसती उभी होती. "पोरीक होडयेत चढवल्यानी, म्हणून ह्या झाला," असं कुणीतरी माझ्या मागेच पुटपुटलं. तरी मी मनात एकच घोकत होते, गाठ सुटलेली नाही, माझी गाठ सुटायची नाही.

ऊन उतरताना होडी दिसली. वडील भिजलेले, हात सोलवटलेला. आई रडत पुढे धावली. आणि मी? होडीचं टोक रिकामं दिसताच मी किंचाळले, "बाबा, माझो राकस खंय?"

आईने मला धपाटा घातला. बरोबरच केलं. वडील जिवंत परत आले होते आणि मी माशाचं विचारत होते. अजून आठवलं की लाज वाटते.

वडील मात्र रागावले नाहीत. त्यांनी माझा हात धरून मला होडीच्या टोकाशी नेलं. तिथलं लाकूडच तुटून गेलं होतं.

"खडकार आपटली होडी," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "लाकूड मोडला. माझ्या चेडवाची गाठ सुटूक नाय."